अंगठा जुळला नाही, तर भुर्दंड कुणाला?

एकाने मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : रेशन, निराधारांचं अनुदान, लाडकी बहीण या सगळ्याला आधार सक्तीचं केलं की बोगस लाभार्थी गळतात. मग प्रामाणिक माणसाला ओळख दाखवायला हरकत काय? विरोध करणाऱ्यांना नेमकं कुणाला वाचवायचंय? आणि खाली जोडून विचारलंय, की सत्तरी ओलांडलेली आत्या एकटी राहते, तिचा अंगठा दुकानातल्या मशीनवर लागत नाही, दुकानदार 'पुढच्या महिन्यात या' म्हणतो, तर काय करावं. आत्याकडे मी शेवटी येतो. पण तिचा प्रश्न पहिल्या प्रश्नापासून सुटा नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

माझी नोकरी तहसील कचेरीत झाली, त्यातली बरीच वर्षं पुरवठा शाखेत. निवृत्तीनंतर तालुक्यातल्या लोकांचे अर्ज लावून देतो. म्हणजे नावं कमी करणाऱ्या टेबलाच्या आतल्या बाजूला मी बसलोय आणि आता बाहेरच्या बाजूलाही उभा असतो.

ओळख मागायला माझी हरकत नाही. सरकारी धान्य आणि पैसा वाटायचा तर घेणारा कोण हे बघावंच लागतं. आधार येण्याआधीही ते बघितलं जायचं, आणि त्या काळाबद्दल कुणी हळहळत असेल तर त्याला तो काळ माहीत नाही. सरपंचाचा दाखला, तलाठ्याचा दाखला, दोन पंचांच्या सह्या. यातला प्रत्येक कागद गावातल्या कुणाच्या तरी मर्जीवर. पारधी वस्तीवरच्या बाईला सरपंच रहिवासी दाखला देत नसे, कारण दिला तर ती गावची ठरली असती. वीटभट्टीवर सहा महिने घालवणाऱ्या कातकऱ्याला तलाठी 'तू इथला नाहीस' म्हणायचा आणि भट्टीच्या गावातला तलाठीही तेच म्हणायचा. अशा माणसाला कुणाच्याही पाया न पडता मिळणारा एक क्रमांक हवाच होता. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, आदिवासी गावात, पहिली आधार कार्डं पंतप्रधानांच्या उपस्थितीत वाटली गेली ती याच आश्वासनावर.

पुढे काय झालं? ज्यांच्याकडे एकही कागद नाही त्यांच्यासाठी आधार नोंदणीत 'परिचयकर्त्या'ची, म्हणजे कागदाऐवजी ओळख पटवून देणाऱ्या माणसाची, सोय होती. २०१५ साली माहितीच्या अधिकारात आकडा बाहेर आला : तोवर दिलेल्या ८३ कोटींहून अधिक आधार क्रमांकांपैकी या मार्गाने मिळालेले सव्वादोन लाखसुद्धा नव्हते, म्हणजे ०.०३ टक्के. बाकी सगळ्यांकडे आधीच दुसरे कागद होते. ज्याच्याकडे काहीच नव्हतं तो बहुतेक वेळा रांगेपर्यंत पोचलाच नाही. आधार कायद्याच्या कलम ५ मध्ये भटक्या जमाती, बेघर, वृद्ध, अपंग यांच्या नोंदणीसाठी विशेष उपाय करा असं स्पष्ट लिहिलंय. शिबिरं होतात, नाही असं नाही. पण शिबिराचा दिवस ठरवताना वस्ती भट्टीवर गेलेली असते.

आधारचा खरा फायदा मी पाहिला तो पोर्टेबिलिटीत. ९ ऑगस्ट २०१९ पासून महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण अशा दोन जोड्यांत एका राज्याच्या कार्डावर दुसऱ्या राज्यात धान्य मिळू लागलं, पुढे देशभर. पूर्वी बीडचं कुटुंब ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडे गेलं की त्या महिन्यांचं धान्य कागदावर 'उचललं' जायचं आणि खायचं दुसरंच कुणी. आता तोडीच्या गावातल्या कंट्रोलवर अंगठा दिला की धान्य मिळतं, आणि दुकानदार कटकट्या असेल तर दुसऱ्या दुकानात जाता येतं. हे आधारशिवाय इतक्या लवकर जमलं नसतं. आधारला सरसकट शिव्या देणाऱ्यांनी तोडीवरच्या एखाद्या बाईला विचारावं.

आता 'बोगस'कडे. रेशनमधली चोरी तीन प्रकारची. एक, नाव खोटं किंवा दुबार. दोन, माणूस खरा पण पात्र नाही : घरात चारचाकी आणि कार्ड पिवळं. तीन, माणूसही खरा, पात्रही, पण पावती पंचवीस किलोची आणि पिशवीत बावीस. आधार फक्त पहिल्यावर चालतं. 'हा तोच आहे का' एवढंच ते सांगतं. 'याला मिळायला हवं का' आणि 'याला पूर्ण मिळालं का' हे सांगणं त्याच्या कुवतीत नाही. आणि पुरवठा शाखेत बसलेल्या कुणालाही विचारा, सगळ्यात जास्त धान्य कुठून जायचं? तिसऱ्या वाटेने. अंगठा घेतल्यावर मापात मारायला कुठलंच मशीन अडवत नाही.

लाडकी बहीणचं उदाहरण ताजं आहे. अर्ज आधारवर, पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात, सगळं 'पारदर्शक'. तरी जुलै २०२५ मध्ये बातम्या आल्या, की चौदा हजारांहून अधिक पुरुषांच्या नावे दरमहा दीड हजार जात होते. स्त्रियांची योजना! आधारने ओळख चोख पटवली, पात्रता कुणी तपासलीच नाही. मग सप्टेंबरमध्ये सगळ्या बहिणींना ई-केवायसी करायला लावली, आणि तिथे बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार आणि त्यावर येणारा ओटीपी मागितला. नवरा वारलेला, वडीलही वारलेले, किंवा नवऱ्याने टाकलेली आणि तो फोन उचलत नाही. अशा बाईने ओटीपी आणायचा कुठून? नंतर मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, अशा बायकांसाठी सोयही केली गेली. पण चौदा हजार पुरुषांची तपासणी कोट्यवधी बायकांच्या डोक्यावर टाकली गेली हे खरंच. त्यातही सगळ्यात जास्त धावपळ झाली ती ज्यांच्यासाठी योजना सर्वांत गरजेची त्यांचीच.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं, की डिजिटायझेशन आणि आधारमुळे ५.८ कोटी बनावट शिधापत्रिका बाद झाल्या. हा आकडा तुमच्यासारख्या अनेकांनी पुढे पाठवला असेल. मी त्या आकड्यांच्या तक्त्यात स्वतः नोंदी भरल्यात, म्हणून दोन गोष्टी सांगतो. पहिली : कार्ड बंद होण्याची कारणं अनेक असतात. एकट्याचं कार्ड आणि तो माणूस वारला, दोन भावांची कार्डं एकत्र झाली, कुटुंब कायमचं परगावी गेलं, उत्पन्न वाढलं, आणि हो, आधार जोडलं नाही म्हणूनही. वर जाताना हे सगळं एका रकान्यात जमा होतं आणि बातमीत त्याचं नाव 'बनावट' होतं.

दुसरी गोष्ट लोकांच्या लक्षातच येत नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्यात, २०१३ च्या, प्रत्येक राज्याला किती लोकांना धान्य द्यायचं याची संख्या बांधून दिलेली आहे. आपण त्याला इष्टांक म्हणतो. महाराष्ट्राचा इष्टांक सुमारे ७ कोटींचा, आणि तोही २०११ च्या जनगणनेवर बेतलेला. म्हणजे यादीतून नाव कमी केलं तर सरकारचं धान्य वाचत नाही. ती जागा रिकामी होते आणि प्रतीक्षेतल्या कुणाला तरी मिळते, किंवा मिळायला हवी. तेव्हा बोगस काढून तिजोरीचे इतके कोटी वाचवले हा हिशेब रेशनपुरता तरी बसत नाही. गरिबाच्या जागी दुसरा गरीब बसवला, की बोगसाच्या जागी गरीब बसवला, एवढाच खरा प्रश्न उरतो.

त्याचं उत्तर झारखंडमध्ये शोधलं गेलं आहे. कार्तिक मुरलीधरन, पॉल निहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या दहा जिल्ह्यांत मोठा अभ्यास केला. निव्वळ अंगठ्याची सक्ती केल्याने गळती सरासरीने कमी झालेली दिसली नाही. लोकांचे हेलपाटे मात्र वाढले. पुढे मशीनवरच्या नोंदीनुसार दुकानदारांचा शिल्लक साठा धरून कोटा कापायला सुरुवात झाली तेव्हा गळती उतरली, पण त्याबरोबर खऱ्या लोकांच्या हातात पडणारं धान्यही उतरलं. आणि त्या काळात रद्द झालेली जी कार्डं तपासली, त्यांतली दहापैकी जवळपास नऊ खऱ्याखुऱ्या कुटुंबांची निघाली. त्याच राज्यात, सिमडेगा जिल्ह्यात, सप्टेंबर २०१७ मध्ये अकरा वर्षांची मुलगी गेली. तिच्या घरचं कार्ड आधार न जोडल्याने बंद झालेलं होतं. आई म्हणाली पोरगी भुकेने गेली, प्रशासन म्हणालं मलेरियाने. कार्ड बंद होतं याबद्दल वाद नव्हता.

विरोधकांना काय वाचवायचंय, याचं माझं उत्तर इथे आहे. चूक होणारच, माणसाकडूनही आणि मशीनकडूनही. ती झाल्यावर उपाशी कोण राहतं, एवढाच सगळा वाद. आज व्यवस्था अशी की सर्व्हर पडला, बोट घासलं, नावात 'बाई' जास्त लागलं, तर धान्य अडतं लाभार्थ्याचं. ना दुकानदाराचं कमिशन जातं, ना पुरवठा निरीक्षकाचा पगार. जोवर हे उलटत नाही तोवर कुठलंही कार्ड आणा, पिवळं, केशरी, निळं, फरक पडणार नाही.

आणि चूक किती मोठी? २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत केंद्र सरकारनेच पडताळणी अयशस्वी होण्याची प्रमाणं छापली होती : झारखंड ४९ टक्के, राजस्थान ३७, गुजरात ६. मार्च २०१८ मध्ये आधार देणाऱ्या प्राधिकरणाचे (यूआयडीएआय) तेव्हाचे मुख्य अधिकारी अजय भूषण पांडे (आपल्याच महाराष्ट्र केडरचे) यांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं, की सरकारी सेवांमध्ये पडताळणी ८८ टक्के यशस्वी होते. न्याय्य वाचन करायचं तर उरलेले १२ टक्के म्हणजे तितकी माणसं उपाशी परतली असं नव्हे. दुसऱ्या बोटाने, दुसऱ्या दिवशी, घरातल्या दुसऱ्याच्या अंगठ्याने बऱ्याच जणांचं काम होतं. पण ज्यांचं होत नाही ते ठरलेले असतात. सोलापुरात विड्या वळून बोटं गुळगुळीत झालेल्या बायका, ऊस तोडणारे, वीट थापणारे, आणि म्हातारी एकटी माणसं. हातावर पोट असलेल्यांचेच हात मशीनला वाचता येत नाहीत.

बोटांइतकाच त्रास नावांचा. आपल्याकडे मुलीचं लग्न झालं की मधलं नाव बदलतं, आडनाव बदलतं, काही घरांत पहिलं नावही बदलतात. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं, आधारवर सासरचं, बँकेत अर्धं माहेरचं अर्धं सासरचं, आणि रेशनकार्डावर पुरवठा शाखेतल्या कारकुनाने ऐकून लिहिलेलं. माणसाला कळतं की 'सुमनबाई' आणि 'सुमन' एकच. संगणकाला कळत नाही, आणि ज्याला कळतं त्या माणसाने सही करायची हिंमत संगणक आल्यावर सोडून दिली. जन्मतारखेचंही तेच. आधार काढताना वय अंदाजे सांगितलं म्हणून शेकड्यांनी लोक १ जानेवारीला जन्मले. श्रावणबाळ या वृद्धांच्या अनुदानाला ६५ वर्षं पूर्ण लागतात. अंदाज तीन वर्षांनी चुकला तर तीन वर्षं अनुदान नाही, समोर बसलेली बाई कितीही वाकलेली असो.

सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ रोजी चार विरुद्ध एक असा निकाल देऊन आधार कायदा बहुतांशी टिकवला. न्या. धनंजय चंद्रचूड यांचं मत एकट्याचं, विरोधात. बँक खातं आणि सिमकार्डाची सक्ती गेली, शाळाप्रवेशाला आधार मागू नका म्हटलं, अनुदान-सवलतींसाठीचं कलम ७ राहिलं. त्या निकालात एक वाक्य माझ्यासारख्यांना सुखावणारं आहे : सरकारी नोकराचं निवृत्तिवेतन हा कमावलेला हक्क, तो कलम ७ मध्ये येत नाही. म्हणजे मी आयुष्यभर पंख्याखाली बसून कमावलेल्या पेन्शनला आधारची सक्ती नको, आणि आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात खुरपलेल्या विधवेच्या दीड हजारांना हवी. कायद्याच्या भाषेत ते बरोबर असेल. मला ते आजवर गिळता आलेलं नाही.

शाळांबाबत निकाल स्पष्ट होता, तरी वाट दुसरीकडून निघाली. आपल्याकडे संचमान्यतेत, म्हणजे शाळेला शिक्षक किती हे ठरवताना, आधार वैध असलेलेच विद्यार्थी धरायचे असं ठरलं. पोराला प्रवेश कुणी नाकारला नाही. ते वर्गात बसतं, वरणभात खातं, फक्त मोजलं जात नाही, आणि चार-सहा अशी पोरं निघाली की शिक्षकाचं एक पद जातं. मग गुरुजी फळा सोडून आधार केंद्राच्या रांगेत.

शेतकरी ओळख क्रमांकाचंही तसंच. १५ एप्रिल २०२५ पासून राज्यात शेतीच्या योजनांना तो बंधनकारक आहे. त्याचा पाया सातबारा. ज्याच्या नावावर जमीन तो शेतकरी. खंडाने, बटईने कसणारा कुठेच नाही, आणि नवऱ्यामागे शेत सांभाळणारी पण वारसनोंद न झालेली बाईही नाही. नवीन कार्ड जुनाच अन्याय पक्का करून ठेवतं.

गोपनीयतेबद्दल बरंच लिहिलं जातं, मी थोडकं लिहितो. गावातल्या झेरॉक्सच्या दुकानात बाद झालेल्या आधारच्या प्रतींत वडापाव बांधून देतात. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या एका कार्यालयाने 'आधारची झेरॉक्स कुणालाही देऊ नका' असं जाहीर केलं आणि दोनच दिवसांत केंद्राने ते मागे घेतलं. तुम्ही शेवटचे चारच अंक दिसणारं, म्हणजे मास्क्ड आधार, वापरा. आणि कलम ९ लक्षात ठेवा : आधार नागरिकत्वाचाही पुरावा नाही आणि अधिवासाचाही नाही. कुणी त्यावरून धमकावत असेल किंवा फुशारकी मारत असेल, दोघेही चूक.

आता आत्या. 'पुढच्या महिन्यात या' हे उत्तर दुकानदाराला देता येत नाही. सिमडेगाच्या घटनेनंतर, २४ ऑक्टोबर २०१७ रोजी, केंद्राच्या अन्न विभागाने सगळ्या राज्यांना लेखी कळवलंय, की आधार नाही म्हणून कुणाचं नाव कापायचं नाही आणि अंगठा जुळला नाही म्हणून कुणाला परत पाठवायचं नाही. कार्ड पाहून धान्य द्यायचं आणि वेगळ्या नोंदवहीत नोंद करायची. आधारच मिळालेलं नसेल तर ओळखीचा दुसरा पर्याय द्यावा असं आधार कायद्याच्या कलम ७ चं परंतुक सांगतं. दुकानदार हे माहीत नाही म्हणेल. कदाचित खरंच माहीत नसेल.

आधी साधे उपाय करून बघा. हात धुऊन, कोरडे पडलेले असतील तर किंचित ओलसर करून दहाही बोटं लावायला सांगा. बऱ्याचदा अंगठ्याऐवजी अनामिका लागते. नव्या फोर-जी मशीनला डोळ्यांचा स्कॅनर असतो, तो मागा, मोतीबिंदू नसेल तर चालतो. आत्याच्या आधारला मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपीनेही होतं. नसेल तर आधार केंद्रात नेऊन बोटांचे ठसे अद्ययावत करा आणि त्याच फेरीत मोबाइल जोडा. कार्डावर दुसरं कुणी असेल तर त्या कुणाच्याही अंगठ्यावर सगळं धान्य मिळतं, पण म्हणून कार्ड एकत्र करून घेण्याच्या सल्ल्याला बळी पडू नका. आत्याचं कार्ड अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरिबांसाठीचं, असेल तर ३५ किलो कार्डामागे आहे, ते जाईल. रेशनची ई-केवायसी बाकी असेल तर 'मेरा ई-केवायसी' ॲपवर चेहऱ्याने घरी होते. आणि बारा अंकी आरसी, म्हणजे शिधापत्रिकेचा, क्रमांक टाकून नाव अजून यादीत आहे का हे आजच बघा. पुष्कळदा मशीन नाकारतं ते बोटामुळे नाही, नाव आधीच कमी झाल्यामुळे.

यातून भागलं नाही तर १९६७ या हेल्पलाइन क्रमांकावर तक्रार करा, पण तेवढ्यावर थांबू नका, तहसीलदारांच्या नावे कागद द्या. वर अन्नसुरक्षा कायद्याच्या कलम १५ खाली जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आहे, त्याच्यावर राज्य अन्न आयोग. कलम ८ प्रमाणे हक्काचं धान्य मिळालं नाही तर अन्नसुरक्षा भत्ता द्यावा लागतो. हा भत्ता फारसं कुणी मागत नाही, म्हणूनच मागा. पैशांचा प्रश्न आला की फाइल हलते. अर्जात 'आत्याचा अंगठा लागत नाही' असं लिहू नका, त्याने दोष आत्याच्या बोटाचा ठरतो आणि उत्तर येतं 'ठसे अद्ययावत करावेत'. लिहा असं : शिधापत्रिका क्रमांक अमुक, दुकान क्रमांक अमुक, अमुक तारखेला या महिन्याचं इतकं धान्य नाकारण्यात आलं, पर्यायी नोंदवहीत नोंद घेतली गेली नाही, कारण लेखी कळवावं. दोन प्रती न्या आणि एकीवर तारखेसह पोच घ्या. आवक-जावकवाला साहेब बाहेर गेलेत म्हणेल. पोच द्यायला साहेब लागत नाही, शिक्का त्याच्याच टेबलावर असतो.